लाठी, ठोसा आणि पहिली शिफ्ट

स्वसंरक्षणासाठी लाठी चांगली की कराटे, हा प्रश्न मला लग्नाच्या पंगतीत, एस.टी.च्या थांब्यावर आणि एकदा दंतवैद्याच्या खुर्चीत विचारला गेला आहे. खुर्चीत मला उत्तर देता आले नाही. इतर ठिकाणी मी एकच उत्तर देतो: आडवा आलेला माणूस कसा आहे, जागा कोणती आहे आणि त्या वेळी तुमच्या हातात काय आहे, ते आधी सांगा. हे उत्तर कोणालाच आवडत नाही. विचारणाऱ्याला एका विद्येचे नाव हवे असते, आणि शक्यतो त्याचा मुलगा जिच्या वर्गाला जातो तिचेच.

या अंकाच्या संपादकांनी हाच प्रश्न टाकला, तेव्हा चर्चा टाळून प्रसंग लिहिण्याचे मी कबूल केले. माझा व्यवसाय शिकवण्याचा. पेणच्या एका शाळेत मी व्यायामशिक्षक होतो आणि संध्याकाळी तालमीत लाठी व दांडपट्टा शिकवीत असे. पुढे रोह्याजवळच्या धाटाव औद्योगिक वसाहतीतील एका रासायनिक कारखान्याने पहारेकऱ्यांना तयार करण्यासाठी मला बोलावले. मी शाळा सोडली, रोह्यात बिऱ्हाड केले आणि निवृत्तीपर्यंत तेच काम केले. चरित्र एवढेच.

बाहेरच्या वाचकांसाठी विद्येविषयी थोडे. लाठी म्हणजे काठी गरगर फिरवणे, असा समज आहे. गरगर फिरवणे मिरवणुकीसाठी असते. त्याने प्रेक्षक मागे सरकतात आणि ढोलवाल्यांना जागा होते. खरी लाठी म्हणजे अंतर. समोरच्याचा हात आपल्यापर्यंत पोहोचणार नाही आणि आपल्या काठीचे टोक मात्र त्याच्यापर्यंत पोहोचेल, अशी जागा पायांनी राखायची. पायांच्या या ठेवणीला पवित्रा म्हणतात. हातांचे काम त्यानंतर सुरू होते. माझ्याकडे आलेला नवा विद्यार्थी पहिला महिनाभर नुसते पाय टाकी. निम्मे तेवढ्यात गळत. मी कोणाला अडवले नाही.

दुसरी गोष्ट सलामीची. सामना असो वा सराव, आमच्या तालमीत प्रथम खाली वाकून उजव्या हाताने मातीला स्पर्श करायचा, तो हात कपाळाला लावायचा आणि मगच काठी उचलून पवित्रा घ्यायचा. सलामी राहिली तर मी खेळ थांबवून पहिल्यापासून सुरू करायला लावी. हा नियम मला माझ्या वस्तादांनी दिला. त्यांना त्यांच्या वस्तादांनी दिला असावा. विचारण्याची पद्धत नव्हती.

पेणला माझ्याकडे चमत्कारिक माणसे आली. त्यांतला एक मूर्तिकार. गणपतीच्या डोळ्यांची आखणी करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. शेजारचा एक मद्यपी संध्याकाळी त्याच्या कारखान्यात शिरून धक्काबुक्की करी. मूर्तिकार मला म्हणाला, "मास्तर, असं काय तरी शिकवा की माझ्या बोटांना लागता नये. मूठ मी वळणार नाय, आधीच सांगतो."

मूठ नाही, काठी नाही, उरले पाय. मी त्याला दोन महिने केवळ बाजूला होण्यास शिकवले. गणपतीच्या हंगामात तो मद्यपी पुन्हा धावून आला. मूर्तिकार बाजूला झाला. मद्यपी सरळ शाडूच्या हौदात गेला आणि त्यानंतर त्या बाजूला फिरकला नाही. मूर्तिकार दुसऱ्या दिवशी पेढे घेऊन आला, पण चेहरा आंबट.

"काय झाले?" मी विचारले.

"मळलेली माती फुकट गेली, मास्तर. तुमी त्याला दुसरीकडं पाडायचं शिकवायला पायजे व्हतं."

माझ्या सर्व विद्यार्थ्यांत तो मला सर्वांत उजवा वाटतो. त्याने आयुष्यात एकही वार केला नाही.

मग कराटेचे वर्ग आले. पांढरे कपडे, रंगीत पट्टे, परीक्षा, प्रशस्तिपत्रे. तालमीतली मंडळी नाके मुरडीत होती. मी जाऊन पाहिले. शिस्त उत्तम, दम उत्तम, आणि लाथेचा वेग असा की माझ्याकडच्या कोणालाही जमला नसता. एकच गोष्ट खटकली. सगळीकडे तसे नसते हे मला पुढे कळले; पण त्या वर्गात ठोसा समोरच्याच्या अंगापासून बोटभर अलीकडे थांबवीत. थांबला तर गुण, लागला तर ताकीद.

त्या वर्गातला एक तरुण बँकेत कारकून होता. बाजारात त्याने खिशात हात घालणाऱ्याला पकडले आणि ठोसा मारला. पाहणारे सांगतात की ठोसा अप्रतिम होता. तो चोराच्या नाकापासून बोटभर अलीकडे थांबला. चोराने भीतीने डोळे मिटले होते. काहीच लागले नाही असे पाहून त्याने ते उघडले, कारकुनाच्या कानशिलात दिली आणि गर्दीत नाहीसा झाला.

"हात आपोआप थांबला हो, मास्तर," कारकून मला सांगत होता. त्याच्या गालावर पाची बोटे उमटलेली होती.

मी हसलो नाही. हात रोज जे करतो तेच वेळ आल्यावर करतो. हे मी त्या दिवशी ओळखले. ते माझ्या विद्येलाही लागू आहे, हे ओळखण्यासाठी मला रोह्याला जावे लागले.

रोह्यात मला सॅमसन भेटला. तो बेने इस्रायल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू, मूळचा रोह्याचाच. घरात पूर्वी तेलाचा घाणा होता. तरुणपणी तो मुंबईच्या गोदीत कामाला होता आणि तिथे बॉक्सिंग शिकला होता. नाक मोडून वेडेवाकडे बसलेले. मी आलो तेव्हा तो आमच्याच कारखान्यात बॉयलरवर होता आणि संध्याकाळी मैदानावर मुलांना बॉक्सिंग शिकवीत असे. वय माझ्याइतकेच. आमचे पहिले संभाषण भांडणाचे होते.

"मास्तर, काठी घरी राहिली तर काय करायचं?" त्याने विचारले. "मूठ कधी घरी राहत नाय."

"मूठ हाताच्या लांबीपलीकडे पोहोचत नाही," मी म्हणालो.

"मग मी चालत जातो तिथपर्यंत."

पुढे तोही कुटुंबासह इस्रायलला गेला. त्याचे बहुतेक नातलग आधीच गेले होते. तो इथे असता तर या लेखातील निम्म्या वाक्यांवर त्याने हरकत घेतली असती, आणि लेख सुधारला असता.

आता मुख्य प्रसंग.

कारखान्याच्या पॅकिंग विभागात आसपासच्या गावांतल्या काही स्त्रिया होत्या. त्यांत सुलभा नावाची एक. खांब गावाच्या आत एका वाडीत तिचे सासर. नवरा ट्रकवर असल्याने बहुधा बाहेरगावी. घरी सासू-सासरे आणि भात-वालाची शेती. पहिल्या शिफ्टची बस मुंबई-गोवा रस्त्यावर येई. तिथपर्यंत सुलभाला कालव्याच्या बांधावरून एकटीला चालत यावे लागे. हिवाळ्यात त्या वेळी जेमतेम फटफटलेले असते.

बांधावरच्या मोरीवर, म्हणजे कालव्यावरच्या छोट्या पुलावर, एक इसम बसू लागला. प्रथम बोलणे, मग वाट अडवणे, मग एकदा त्याने तिच्या डब्याची पिशवी धरली. पिशवी हिसकून घेऊन ती पळत बसपर्यंत आली. घरी कळले. सासरे गोविंदबाबा यांनी एका वाक्यात निकाल दिला: आणखी एकदा असे काही झाले तर नोकरी बंद.

सुलभाची उमेदवारीची मुदत संपत आली होती. ती भरली असती तर ती कायम झाली असती. पोलिसांत जायला तिची तयारी होती, घरच्यांची नव्हती. गावात चर्चा नको, हे त्यांचे म्हणणे. तेव्हा तिने सरळ कामगार अधिकाऱ्याला गाठले आणि म्हणाली, "साहेब, पहारेकऱ्यांना शिकवता ते आमाला शिकवा."

कामगार अधिकाऱ्याने मला आणि सॅमसनला एकत्र बोलावले, ही त्याची चूक. स्त्रियांसाठी लाठी योग्य की बॉक्सिंग, असे त्याने विचारले. तासाभराने त्याने डोक्याला हात लावला आणि म्हणाला, "दोन्ही शिकवा, पण माझ्या खोलीबाहेर जाऊन."

पहिली शिफ्ट सुटल्यावर कारखान्याच्या मैदानावर वर्ग भरू लागला. एक दिवस माझा, एक सॅमसनचा. शनिवारी तो शिकवीत नसे, म्हणून शनिवार कायम माझा. पहिल्याच दिवशी मी सहा फुटी काठ्या मांडून ठेवल्या. पॅकिंगमधल्या सर्वांत जुन्या वत्सलाबाईंनी एक उचलून पाहिली.

"मास्तर, ही बसमधून न्यायची कशी? कंडक्टर हिचं तिकीट मागंल."

"आणि नवऱ्याला वाटंल, त्याच्यासाठी आणली," दुसरी म्हणाली.

सॅमसन लांबून पाहत होता. त्याला फार आनंद झाला.

मी नमते घेतले. कालव्याच्या बांधावर साप-किरडू फार, त्यामुळे तिकडची माणसे पहाटे हातात कमरेएवढी बांबूची काठी ठेवतात. सुलभाकडेही होती. मी लाठीचे वार त्या काठीला बसवले. दूरचे वार गेले, जवळचे राहिले: गुडघा, नडगी, मनगट. पवित्रा तोच. सलामीही तीच. काठी लहान झाली म्हणून सलामी लहान होत नाही, असे मी वर्गाला सांगितले.

सॅमसनचे शिकवणे वेगळे. तो दोन गोष्टी शिकवी. पहिली, सरळ ठोसा. खांद्यातून, कमरेतून, टाचेतून. दुसरी, मार खाणे. स्त्रियांना तो हातात उशी घेऊन ढकली, हलक्या चापट्या देई आणि डोळे उघडे ठेवायला लावी. "लागलं म्हणजे मेलं नाय," हे त्याचे आवडते वाक्य. येथे मी स्पष्ट लिहितो की ही दुसरी गोष्ट आमच्या पारंपरिक शिक्षणात कमी पडते. आमच्याकडे मांडलेले वार असतात. कोण कधी मारणार हे दोघांना ठाऊक असते. बॉक्सिंगमध्ये ते ठाऊक नसते. ज्याने कधी अनपेक्षित धक्का खाल्लेला नाही, तो पहिल्या धक्क्यालाच गोठतो, मग त्याला कितीही वार पाठ असोत. उलट बॉक्सिंगवाला काठी, दगड, अंधार, निसरडा बांध यांचा विचार करीत नाही. त्याला चौकोनी सपाट जागा आणि एकच प्रतिस्पर्धी यांची सवय असते.

सॅमसनचाही एक विधी होता. प्रतिस्पर्धी खाली पडला की ठोसे बंद. बाजूच्या कोपऱ्यात जाऊन ताठ उभे राहायचे आणि दहा अंक मोजून होईपर्यंत हलायचे नाही. पडलेल्याला मारणारा बॉक्सर नव्हे, गुंड, असे तो सांगे. पंच नसल्याने अंक ज्याचे त्याने मोठ्याने मोजायचे. कोणी मोजायला विसरले की तो रुळाच्या तुकड्यावर हातोडी हाणून सराव थांबवी.

त्याला माझी सलामी वेळकाढू वाटे. मला त्याची गणती वेळकाढू वाटे. दोघांचेही बरोबर होते. पण दोघांनीही आपापले सोडले नाही.

थंडीत, वालाला शेंगा धरल्या होत्या त्या दिवसांत, एका सकाळी सुलभा वेळेवर कामावर आली. डबा चेपलेला होता आणि उजव्या हाताची बोटे सुजलेली होती. तिने शिफ्ट पूर्ण केली. दुपारी मैदानावर आली तेव्हा वत्सलाबाईंनी तिचा हात पाहिला आणि विचारले, "कोणाला?"

"मोरीवरच्याला," सुलभा म्हणाली.

सगळ्या भोवती जमल्या. सॅमसन बॉयलरचे कपडे न बदलताच धावत आला. मी म्हणालो, "पहिल्यापासून सांग. काही गाळू नकोस."

"पहिल्यापासून म्हंजे, सर, त्यो मोरीवरनं उठला नि बांधावर आडवा झाला. हात पसरून. मी थांबले."

"किती अंतरावर?"

"तुमी सांगता तेवढ्यावर. मग मी वाकले."

"का वाकलीस?" सॅमसनने विचारले.

सुलभाने माझ्याकडे पाहिले. "सलामी."

सॅमसन हळूहळू माझ्याकडे वळला. त्याचे तोंड उघडे होते.

"तू त्या माणसापुढे सलामी दिलीस?" मी विचारले.

"हात गेला ना सर खाली आपसूक! मातीला लावला, कपाळाला लावला. त्यो हसला. म्हणतो, 'पाया काय पडतेस?' नि आला पुढं. मी खालीच व्हते, तिथनंच काठी आली वर. गुडघ्यावर लागली त्याच्या."

"शाब्बास," वत्सलाबाई म्हणाल्या.

"मग त्यानं काठी धरली. दोनी हातांनी. मी सोडून दिली."

"हे मी शिकवलंय," सॅमसन म्हणाला.

"काठी सोडण्याचा पाठ माझा आहे," मी म्हणालो.

"अवो, तिला बोलू द्या की आधी!" वत्सलाबाई आमच्यावर ओरडल्या.

सुलभा सांगू लागली. "त्याचे दोनी हात काठीत. नाक मोकळं. मी दिला सरळ. टाचेतनं. त्यो खाली बसला मटकन. माझा डबा त्याच्याखाली. मग मी बाजूला झाले नि उभी राहिले."

"उभी राहिलीस?" आता मी सॅमसनकडे वळलो. "पळाली नाहीस?"

"नाय. मोजलं. एक, दोन, तीन... मोठ्यानं."

वत्सलाबाईंनी पदर तोंडाला लावला. सॅमसनने डोळे मिटून घेतले. रस्ता मोकळा, बस पलीकडे उभी राहणार, आणि आमची विद्यार्थिनी एका गुंडाशेजारी ताठ उभी राहून अंक मोजत होती.

"मग?" मी विचारले.

"त्यो बगायला लागला माझ्याकडं. मी आपली मोजते. सात झाले, त्यो गुडघ्यावर आला. विचारतो, 'दहाला काय हाय गो?' मी बोलले नाय, मोजताना बोलायचं नाय ना सर. आठ म्हटलं नि त्यानं कालव्यातच उडी मारली. पाणी सोडलेलं हाय ना सध्या, गार बरफ. पलीकडनं वर आला नि जो पळाला, तो मागं बगितलंच नाय."

वर्गात त्यानंतर बराच वेळ काही शिकवता आले नाही.

शांतता झाल्यावर सॅमसन म्हणाला, "बगा मास्तर, काउंटनं पळाला."

"गुडघ्यावर आधी काठी बसली होती," मी म्हणालो.

हा वाद तो रोहे सोडेपर्यंत मिटला नाही. पण त्याच संध्याकाळी आम्ही दोघांनी एक गोष्ट न बोलता केली. स्त्रियांच्या वर्गातून मी सलामी काढली आणि त्याने गणती. या वेळी दोन्हींनी साथ दिली होती, कारण समोरचा भित्रा आणि अडाणी होता. तसा दर वेळी मिळत नाही. त्या जागी आम्ही तिसरी गोष्ट घातली, जी ना माझ्या परंपरेत होती ना त्याच्या खेळात: एक वार करायचा आणि पदर खोचून माणसांच्या दिशेने, ओरडत, पळायचे. सामना जिंकण्यासाठी असतो. स्वसंरक्षण घरी पोहोचण्यासाठी असते. मला विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर एवढेच आहे, आणि त्यासाठी कोणताही पट्टा मिळत नाही.

सुलभाचा प्रश्न मात्र सुटला नव्हता. उलट वाढला होता. ओला चिंब, नाकातून रक्त येणारा तो इसम सकाळी शेतातल्या माणसांनी पाहिला होता. दुपारपर्यंत सगळ्या वाडीत झाले. गोविंदबाबांनी सांगितले, ठरले तसे करायचे, नोकरी बंद. दुसऱ्या दिवशी सुलभा कामावर आली ती शेवटचे सांगायलाच. आम्ही तिला म्हणालो, "थांब. आम्ही येतो."

संध्याकाळी मी आणि सॅमसन तिच्या सासरी गेलो. शेताच्या कडेला मडके लावले होते. त्यात भाजायला घातलेली वालाच्या शेंगांची पोपटी. पाहुणे भांडायला आले तरी ती खायला घालण्याची आमच्या भागाची रीत आहे. गोविंदबाबा उकिडवे बसून जाळ सारत होते. बारीक, काटक, कमी बोलणारे गृहस्थ. मला ते आवडले, म्हणजे काम अवघड होते.

"मास्तर, तुमी शिकवलंत, चांगलं केलंत," ते म्हणाले. "पण आमाला सून पायजे. पैलवान नको."

"शिकवले नसते तर काय झाले असते, याचा विचार करा," मी म्हणालो.

"करतो ना. म्हणून तर नोकरी बंद म्हणतो."

सॅमसन म्हणाला, "बाबा, तो आता परत येत नाय. लिहून देतो."

"ह्यो नाय तर दुसरा येल. बांध तोच हाय."

त्यांनी मडके उपडे केले. शेंगांची वाफ आली. सासूबाई सुलभाला म्हणाल्या, "अगो, पण मोजत कशाला व्हतीस गो? पळायचं सोडून!"

"सरांनी सांगितलेलं, आई."

"कुठल्या सरांनी?"

सॅमसन एक शेंग फार काळजीपूर्वक सोलू लागला.

सुलभा आतापर्यंत दाराशी उभी होती. ती पुढे आली आणि सासऱ्यांसमोर बसली. "मामा, एक बोलू? शेतात मी गेले काय, नाय गेले काय, वाल उगवतोच. तिथं कंपनीत पिंप भरलं की मी तपासते. माझी सही नसली तर पिंप गेटाबाहेर जात नाय. साहेबाचं पण नाय जात. मला ते सोडायचं नाय."

गोविंदबाबांनी जाळ सारला. सारण्यासारखा जाळ उरला नव्हता. ते म्हणाले, "बरं. मग मी येतो सोबतीला. रोज. बसपर्यंत."

माझ्या मते प्रश्न सुटला होता. सॅमसननेही मान डोलावली. सासूबाई म्हणाल्या, "हां, ह्ये झालं."

"नको," सुलभा म्हणाली.

"का नको?" गोविंदबाबांचा आवाज चढला.

"त्यो परत आला तर मला आधी तुमाला बाजूला करावं लागंल. मग त्याला. तवर बस जाईल."

मी आयुष्यात अनेक सामने पाहिले. इतका सरळ बसलेला वार फार थोडा पाहिला. गोविंदबाबांनी हातातली शेंग सालासकट तोंडात घातली. पहिल्या हसल्या त्या सासूबाई. डोळ्यांना पदर लावून हसल्या. मग सॅमसन. गोविंदबाबा हसले नाहीत. साल थुंकून ते एवढेच म्हणाले, "शेंगा खावा. गार व्हतायत."

परवानगी मिळाली की नाही, हे आम्हाला त्या दिवशी कळले नाही. परत येताना सॅमसन म्हणाला, "उद्या बसमध्ये बसून बघू."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही काही कारण नसताना कारखान्याच्या बसमध्ये बसलो आणि रोह्याहून कोलाडमार्गे खांबपर्यंत गेलो. ड्रायव्हरने विचारले, "दोघे मास्तर इकडं कुठं?" वाडीच्या फाट्याशी बस थांबली. सुलभा उभी होती. डबा नवा होता. ती चढली, आम्हाला पाहून किंचित थबकली आणि पुढच्या बाकावर जाऊन बसली.

"अजून कोण हाय का चढायचं?" ड्रायव्हरने विचारले.

"नाय. चला," सुलभा म्हणाली.

मी खिडकीतून बाहेर पाहिले. थोडे मागे, कालव्याच्या मोरीवर, गोविंदबाबा उभे होते. बसकडे पाठ करून, जणू पाणी पाहायला आल्यासारखे. हातात काठी होती. ती त्यांनी साफ चुकीच्या टोकाला धरली होती, आणि पाय जवळजवळ होते.

बस निघाली.